बूड न टेकवता

मराठी घरात अभ्यासाची एकच पद्धत सर्वमान्य आहे, ती म्हणजे बूड टेकवून बसणे. पहाटे उठावं, भिंतीकडे तोंड करून बसावं आणि धडा संपेपर्यंत हलू नये. पाणी प्यायला उठणारा आळशी, पाय हलवणारा चंचल आणि गाणी ऐकत गणितं सोडवणारा हाताबाहेर गेलेला. या पद्धतीपायी उपनगरांत घरटी किती खर्च होतो याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मुलुंड असो की बोरिवली, वन बीएचके विकून टू बीएचके घेण्याचं अधिकृत कारण ‘मुलांच्या अभ्यासाला वेगळी खोली हवी’ हेच असतं. पुढे त्या खोलीत गाद्या, सुटकेसा आणि व्यायामाची सायकल अशी मंडळी वर्षानुवर्षं बूड टेकवून बसतात.

दहावीचं वर्ष असलं की मग विचारूच नका. टीव्हीवरच्या बायका आवाज बंद करून एकमेकींच्या कानाखाली वाजवतात. लग्नाला घरातून एकच प्रतिनिधी जातो. मिक्सर लावायचा तर बाथरूममध्ये नेऊन लावतात. सगळं घर श्वास रोखून बसलेलं असतं आणि ज्याच्यासाठी रोखलेला असतो तो आत बसून नखं खात असतो.

माझ्या ताईनं मुलुंडला हे सगळं यथासांग केलं. जाड पडदे, एसी, टेबल, डाव्या बाजूने उजेड देणारा दिवा, दारावर ‘डिस्टर्ब करू नका’. भाची तिथे चार-चार तास बसायची. सीएच्या फाउंडेशनचा अभ्यास होता. चार तासांनी ताई आत डोकावली की हिशेब मिळायचा तो असा: हायलायटर इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावून झाले, समोरच्या टॉवरचे मजले मोजून झाले आणि ध्रुवीय अस्वलाची कातडी पांढऱ्या केसांखाली काळी असते हा शोध लागला. अकाउंट्सचं पहिलं पान उघडं. अस्वलाबद्दल मात्र ती आजही तासभर बोलू शकते.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा असे: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ शेवटी एकोणिसाव्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी निदान केलं, एडीएचडी. लांबलचक नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. आमच्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, ते दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाली, “एवढं लांब नाव हिच्या लक्षात राहतं ना? मग कसला आलाय आजार!”

प्रकार नवा नाही. १८४५मध्ये फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टराचं मुलांसाठीचं एक चित्रपुस्तक छापून आलं. त्यात जेवताना खुर्चीवर झुलणारा एक फिलिप आहे, जो शेवटी टेबलक्लॉथसकट सगळं जेवण अंगावर ओढून घेतो. १९०२मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर भारदस्त व्याख्यानं दिली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात ‘लक्षाची कमतरता’ हे शब्द आले १९८०मध्ये. या सगळ्या काळात नजरेत भरला तो फिलिपच, कारण खुर्ची पडली की आवाज होतो. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या त्याच्या बहिणीला ‘शांत स्वभावाची’ म्हणून शाबासकी मिळत राहिली. मुलींचं निदान उशिरा होतं ते असं.

हा प्रकार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ताई ताडकन म्हणाली, “आमच्यात असं कुणालाच नाही.” ताईच्या घरी चार अर्धे स्वेटर आहेत, अर्धं शिकलेलं जर्मन आहे आणि मोड आणायला भिजवलेले मूग शेंग धरायच्या बेतात आल्यावर सापडल्याचाही दाखला आहे. भाऊजींनी नुसतं पंख्याकडे पाहिलं.

मला जे समजलं ते इतकंच की अशा मेंदूत लक्ष कमी नसतं, त्याला सोडायचं कुठे आणि आवरायचं कसं ही यंत्रणा लहरी असते. महत्त्वाचं आहे, एवढ्यावर हा मेंदू चालू होत नाही. त्याला गंमत लागते, नवेपणा लागतो, नाहीतर गळ्याशी आलेली मुदत लागते. वेळेचंही तसंच. आपल्याला उद्या, परवा, पुढचा महिना असं काहीबाही दिसत असतं. त्यांच्याकडे दोनच काळ, आत्ता आणि आत्ता नाही. परीक्षा नोव्हेंबरपर्यंत ‘आत्ता नाही’मध्ये असते आणि एका रात्रीत ‘आत्ता’त येऊन पडते.

ताईच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं, भाड्याचं घर चिमुकलं निघालं, म्हणून भाची अभ्यासाच्या सुट्टीत बोरिवलीला आमच्याकडे राहायला आली. आमच्याकडे वेगळी खोली नाही. आजी आहे, कुकर आहे आणि खिडकीखाली दुसऱ्या एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे. ताईने फोनवर डोळ्यांत पाणी आणून विचारलं, “तिथे अभ्यास कसा होणार गं?”

सुरुवात अर्थातच वेळापत्रकाने झाली. वेळापत्रक करणे हा या मंडळींचा आवडता अभ्यास. स्टेशनरीच्या दुकानात दोन तास, मग घरी येऊन चार रंगांत आखणी, अक्षर कॅलिग्राफीत. ‘पहाटे ५ ते ७ अकाउंट्स’ हे एवढं देखणं लिहिलं होतं की ते खोटं असेल असं कुणाला वाटू नये. ते फ्रिजवर लागलं आणि त्याच्या आड दूधवाल्याचं बिल हरवलं. त्याचा तेवढाच परिणाम झाला.

मग आलं टोमॅटोचं घड्याळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा विद्यार्थी असाच अभ्यासाला कंटाळला होता. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ उचललं, किल्ली दिली आणि ते वाजेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. त्यातून २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं सुट्टी अशी जगप्रसिद्ध पद्धत निघाली. भाचीनेही ती घेतली, पण वेळ लावायला मोबाइल हातात घ्यायची आणि पाऊण तासाने कोरियातल्या कुठल्याशा गायकाच्या कुत्र्याचं नाव सांगत परत यायची. तेव्हा आजीने मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवला आणि जाहीर केलं, “माझा कुकर होईपर्यंत हलायचं नाही.”

कुकर या कामाला टोमॅटोपेक्षा सरस आहे. तो वाजायच्या आधी कुरकुरतो, म्हणजे वेळ संपत आल्याची पूर्वसूचना मिळते. तो थांबवता येत नाही. आणि शेवटी जेवण मिळतं, जे चिरिल्लोच्या पद्धतीत नाही. मागणीचा नियम भाताबरोबर झाला. मागणीची लवचीकता अवघड, तिला राजमा लावावा लागला. परीक्षा जवळ आली तसे आम्ही सलग तीन दिवस छोले खाल्ले.

राहिला आवाज. २००७मध्ये सोडरलुंड आणि सिकस्ट्रॉम या स्वीडनमधल्या संशोधकांनी एक चमत्कारिक निष्कर्ष छापला. मागे सतत घरघर चालू ठेवली तर एडीएचडी असलेल्या मुलांची पाठांतराच्या चाचणीतली कामगिरी सुधारली आणि बाकीच्या मुलांची घसरली. आता स्वीडनमध्ये बिचाऱ्यांना त्यासाठी यंत्राने आवाज तयार करावा लागला. आमच्याकडे सकाळी आठला खालचं पायलिंग सुरू होतं. घाटकोपरला राहणाऱ्या भाचीच्या मैत्रिणीला तर थेट डोक्यावरून उतरणारी विमानं आहेत, तीही फुकट. शांततेत हिच्या डोक्यात सतरा गोष्टी बोलायला लागतात, पायलिंग त्या सगळ्यांना गप्प करतं. मात्र आवाज बिनअर्थाचा हवा. शेजारच्या काकूंचं सुनेशी भांडण चालत नाही, कारण त्याला कथानक असतं. त्या दिवशी आजीचंही अभ्यासातून लक्ष उडतं.

पण खरी गंमत झाली ती लोकलमध्ये. आधी तिने मेट्रो करून पाहिली, कारण वर्सोव्याहून घाटकोपर साधारण २१ मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक टोमॅटो. पण तिथे एसी, गुळगुळीत शांतता आणि सगळे मोबाइलमध्ये, म्हणजे मुलुंडची खोलीच चाकांवर. शिवाय अंधेरीला भरणारी गर्दी पुस्तक उघडू देत नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमाराला ती माझ्याबरोबर बोरिवलीहून चर्चगेट स्लोमध्ये चढली. मला मरीन लाइन्सला काम होतं. तिच्याकडे सेकंड क्लासचा पास होता आणि खिडकीची जागा मिळाली.

बोरिवली ते चर्चगेट स्लो लोकलला दोन्ही टोकं धरून २२ स्टेशनं आहेत. दोन स्टेशनांत दोन-तीन मिनिटं. एका स्टेशनाला करारकायद्यातली एक व्याख्या, असं तिने आपणच सुरू केलं. कांदिवलीला ‘प्रस्ताव’, मालाडला ‘स्वीकृती’, गोरेगावला ‘प्रतिफल’. २०१६च्या डिसेंबरात राम मंदिर स्टेशन सुरू झालं, त्यामुळे गोरेगाव-जोगेश्वरीच्या मध्ये एक छोटी व्याख्या जास्त बसते. गाडी सुटली की पान उलटायचं, बाई ‘पुढील स्टेशन’ म्हणाली की डोळे मिटून म्हणून बघायचं. ठरलेल्या वेळी कुणीतरी बाहेरून ढोसतंय, खिडकीतून वारा लागतोय, सगळं अंग हलतंय आणि ते हलवायला तिला काही करावं लागत नाहीये.

आणि त्यातून बायकांचा डबा. तिथे कोण बूड टेकवून एकच काम करतं? एक बाई घेवडा निवडत होती, दुसरी पोथी वाचत होती, तिसरीने डब्यातच साडीला फॉल लावला. क्लिपा-कानातलीवाली येऊन गेली, तेव्हा भाचीने वही मिटली. मला वाटलं, गेली आता. तिने झुमके पाहिले, भाव केला, दहा रुपये कमी करून घेतले आणि म्हणाली, “मावशी, हा बघ, काउंटर ऑफर! मूळ ऑफर रद्द झाली.” ते वाक्य ती जन्मात विसरणार नाही. झुमक्याचा खिळा मात्र दादरच्या आधीच हरवला.

मी मरीन लाइन्सला उतरले. ती चर्चगेटला गाडीत बसून राहिली आणि रिटर्न आली. सीट मिळावी म्हणून उलटं जाऊन रिटर्न येणं ही मुंबईकरांची जुनीच विद्या, पण करारकायद्यासाठी ती वापरलेली मी पहिल्यांदा पाहिली. ताईला हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “उतरायचं नाही, तर चढली कशाला?”

पावसात गाड्या रखडायला लागल्या तेव्हा तिने बोरिवलीतच अभ्यासिका लावली. उपनगरांत आता चाळीस पावलांवर अभ्यासिका सापडते, काही मंडळांच्या, काही पक्षांच्या, बऱ्याचशा कुणा गाळेमालकाच्या. दारात चपलांचा ढीग, वहीत सही, आत प्लायवूडच्या खुराड्यांच्या रांगा. ‘शांतता राखा’ या पाटीखाली घोरणारा एमपीएससीवाला असतोच. पाण्याची बाटली ठेवून अडवलेली जागा इथे सातबाऱ्याइतकी पक्की मानतात. भाची तिथे तीन तास निवांत वाचू लागली, आणि कारण विचाराल तर बाजूची मुलगी वाचते म्हणून. कुणीतरी शेजारी आपलं काम करत बसलं की यांचंही गाडं सुरू होतं. तज्ज्ञ मंडळी याला बॉडी डबलिंग म्हणतात. त्यासाठी परदेशात म्हणे लोक अनोळखी माणसाला कॅमेऱ्यावर समोर बसवून दोघंही गप्प काम करतात, आणि कुणीतरी नुसतं वाचत बसल्याचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात.

वरळीला पोदार रुग्णालयाजवळ हे केव्हापासूनच चालू आहे. सुदाम काळू अहिरे मार्ग म्हणून रस्ता आहे, त्याला सगळी मुंबई अभ्यास गल्ली म्हणते. जवळच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत दहा माणसं, तिथे कुठली आलीय वेगळी खोली? मुलं पुस्तकं घेऊन रस्त्याच्या दिव्याखाली येऊन बसली, पिढ्यान्‌पिढ्या बसत राहिली. फिरत फिरत पाठ करणारे, कट्ट्यावर बसणारे, एकमेकांना प्रश्न विचारणारे, मध्येच चहा मारून येणारे. आपण त्या गल्लीबद्दल बोलतो तेव्हा गरिबीतून वर आलेल्यांच्या कष्टांबद्दल गहिवरतो, आणि ते खरंही आहे. पण त्या मुलांना चालायची मोकळीक होती, आवाज होता आणि आजूबाजूला अभ्यास करणारे शंभर जण होते, याचा हेवा कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मी केला.

तरी या सगळ्यांवर कडी केली आजीने. आजीला कायद्यातलं काही कळत नाही आणि गोष्ट अर्धी सोडलेली खपत नाही. संध्याकाळी ती ओट्याशी मेथीची जुडी घेऊन बसायची, भाची ओटा ते बाल्कनी येरझाऱ्या घालत तिला धडा सांगायची. हातात काहीतरी हवं म्हणून आजी तिला मटार द्यायची सोलायला. असंच एकदा बाल्फोर विरुद्ध बाल्फोर हा १९१९चा इंग्लंडमधला खटला निघाला. साहेब सिलोनमध्ये सरकारी नोकरीला. बायको आजारी म्हणून विलायतेत राहिली, साहेबांनी कबूल केलं की दरमहा ३० पौंड पाठवीन. पुढे बिनसलं, पैसे बंद झाले, बाई कोर्टात गेली.

आजीचं निवडणं थांबलं. “मग?”

“मग काही नाही. कोर्ट म्हणालं, नवरा-बायकोत घरगुती बोलणं झालं, त्याला करार म्हणत नाहीत. हरली ती.”

“अगं, पण ती खायची काय?”

“ते पुस्तकात नाही, आजी.”

“मग काय डोंबलाचं पुस्तक!” आजीने मेथीच्या काड्या फेकल्या. “तुझे आजोबा मला पाटल्या करीन म्हणाले होते, चौऱ्याहत्तर साली. हा मेला बाल्फोर तसलाच.”

“आजी, आजोबांचं कायदेशीर बंधनात पडायचं इंटेन्शन नव्हतं.”

“होतं की! हाताचं माप घेऊन गेले होते.”

पुढचा अर्धा तास माप घेणं हा हेतूचा पुरावा होतो की नाही यावर वाद चालला. आजीने फेरविचार याचिका आजोबांच्या फोटोसमोर दाखल केली. मटार जमिनीवर गेले, भाजी करपली, पण त्या धड्यातला प्रत्येक मुद्दा भाचीला आजोबांसकट पाठ झाला. दुसऱ्या दिवशी करारकायद्याचं कलम २६ निघालं. सज्ञान माणसाच्या लग्नाला आडकाठी करणारा करार रद्दबातल, हे ऐकून आजी इतकी खूश झाली की ही बातमी तिने सोसायटीच्या बाकावर तातडीने पोचवली. तिथे एका घरी आंतरजातीय लग्नावरून सहा महिने अबोला चालू होता.

आता कुणाला वाटेल, सापडली पद्धत. तशी कुठलीच सापडत नाही. या मेंदूला कुठलीही पद्धत नवी आहे तोवरच मानवते. कुकर तीन आठवड्यांत शिळा झाला, शिट्टी कानावर पडेनाशी झाली. लोकलचंही तेच झालं, व्याख्या सोडून ती पंखे मोजायला लागली. मग परत अभ्यासिका, मग काही दिवस बाल्कनीत उभ्याने, मग परत कुकर, जो मधल्या काळात पुन्हा नवा झाला होता. ताईला हे म्हणजे धरसोड वाटते. आयुष्यभर आपण मुलांना ‘एक काय ते धर’ म्हणत आलो, आणि इथे डॉक्टरीणबाई सांगतात की एक सुटलं तर दुसरं धर, पहिलं फेकू नकोस, फळीवर ठेव. ताईने ते ऐकून आपला एक अर्धा स्वेटर परत काढलाय.

गोळ्याही आहेत. त्यावरून ताई-भाऊजींत महिनाभर चर्चा झाली, कारण अभ्यासाची गोळी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर ब्राह्मीच येते. मेथिलफेनिडेट हे त्यातलं जुनं औषध, १९४४मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने बनवलेलं. बायको मार्गरीट, लाडाचं नाव रिटा, तिच्यावरून औषधाला रिटालिन नाव पडलं. ती म्हणे टेनिस खेळण्याआधी घ्यायची. भाऊजी म्हणाले, “बघा, काही नवरे देतात बायकोच्या नावाने काहीतरी.” आजी लगेच म्हणाली, “पाटल्या तर नाही ना दिल्या!” गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, फायदाही होतो. पण गोळी खुर्चीत बसवते, समोर अकाउंट्स आहे की अस्वल हे ती बघत नाही.

सगळ्यात अवघड जागा परीक्षेची. बिझनेस लॉचा पेपर तीन तासांचा. तिथे कुकर नाही, लोकल नाही, येरझाऱ्या नाहीत, बूड टेकवावंच लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला तर तासाला २० मिनिटं जादा अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी सायन, नायरसारख्या रुग्णालयांत चाचण्यांना पालक मुलांना घेऊन रांगा लावतात. नुसत्या चंचलपणाला रांगही नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, घरी तीन-तीन तासांचे सराव पेपर खुर्चीत बसून सोडवायचे, हुबेहूब वातावरणात.

रविवारी सकाळी डायनिंग टेबल रिकामं केलं. मोबाइल पिठाच्या डब्यावर गेला. खालचं पायलिंग बंद होतं. सुपरवायझर म्हणून आजीला चष्मा, घड्याळ आणि पाठ टेकायला उशी देऊन समोर बसवलं आणि बजावलं, “तीन तास एक अक्षर बोलायचं नाही.” आजीने तोंडावर बोट ठेवलं. भाचीने पेपर उघडला, लिहायला लागली, मान खाली घालून चक्क लिहीत राहिली. मी पाय न वाजवता चहा ठेवायला गेले. दहा मिनिटं झाली असतील नसतील, आतून कुजबुज ऐकू आली.

“ए, बाल्फोर आलाय का गं?”